नियम बदलला, मग काम बदलायचं का?



आजच्या चिंतनाचा विषय जरा वेगळा वाटेल, पण त्यामागचा प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण कंटेंट लिहितात, एखादी वेबसाइट सांभाळतात किंवा डिजिटल मार्केटिंगमध्ये नोकरी करतात. ऑफिसात सकाळी बातमी येते, "गूगलचं नवं अपडेट आलंय." मग पुढचे दोन-तीन आठवडे सगळ्यांचे डोळे ट्रॅफिकच्या आलेखावर. कुणाचं पान पहिल्या नंबरवरून थेट चौथ्या-पाचव्या पानावर जाऊन पडतं. कुणाचं काहीच न करता वर येतं. काल ज्या गोष्टीचं बक्षीस मिळत होतं, आज त्याच गोष्टीची शिक्षा होते.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो तांत्रिक असतो : आता काय बदलायचं? पण त्याच्या मागे दुसरा प्रश्न उभा असतो, आणि तो सहसा कुणी मीटिंगमध्ये काढत नाही. हे लिखाण आपण नक्की कुणासाठी करतोय? आज या दुसऱ्या प्रश्नापाशी थोडं थांबूया.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी.

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोघे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करत होते. १९९८ मध्ये त्यांनी गूगल कंपनी सुरू केली. त्यांची मूळ कल्पना समजायला सोपी आहे. एखाद्या संशोधन-निबंधाचा आधार इतर किती अभ्यासक घेतात, यावरून त्या निबंधाचं वजन कळतं. तसंच एखाद्या वेबपानाकडे इतर किती पानं बोट दाखवतात, आणि ती बोट दाखवणारी पानं स्वतः किती वजनदार आहेत, यावरून त्या पानाची किंमत ठरवायची. या पद्धतीला त्यांनी पेजरँक म्हटलं. लिंक म्हणजे जणू एक मत.

ही कल्पना एका गृहीतावर उभी होती. कुणी लिंक देतं ते मनापासून देतं, वाचकाला उपयोग व्हावा म्हणून देतं, हे ते गृहीत. सुरुवातीला ते बऱ्यापैकी खरंही होतं. पण लिंकला किंमत आहे हे लोकांना कळलं आणि लिंका विकत मिळू लागल्या. फक्त एकमेकांना लिंका देण्यासाठी शेकडो पोकळ वेबसाइट्स उभ्या राहिल्या. मत देण्यामागची भावना गेली, नुसता मतांचा आकडा उरला.

चार्ल्स गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना एक निरीक्षण मांडलं होतं, ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. त्याचा सध्याचा प्रचलित अर्थ असा : एखादं मोजमाप हेच ध्येय झालं, की ते मोजमाप म्हणून निरुपयोगी होतं. मार्कांसाठी शिकणाऱ्या मुलाला मार्क मिळतात, पण ते मार्क आता त्याला किती येतं हे सांगत नाहीत. सर्च इंजिनचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हणजे याच निरीक्षणाची पुन्हा पुन्हा आलेली प्रचिती आहे.

सुरुवातीचे प्रकार अगदी बाळबोध होते. पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या भागात कीवर्डची यादी लिहिता यायची. लोक तिथे वाट्टेल ते शब्द कोंबायचे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरात मजकूर लिहायचे, म्हणजे माणसाला दिसणार नाही पण यंत्र वाचेल. गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरच करून टाकलं की कीवर्डच्या त्या छुप्या यादीकडे आम्ही क्रम लावताना बघत नाही. त्याआधी नोव्हेंबर २००३ मध्ये 'फ्लोरिडा' नावाने ओळखला गेलेला बदल झाला होता. नाताळच्या खरेदीच्या तोंडावर कितीतरी छोट्या ऑनलाइन दुकानांची पानं एकदम खाली गेली. त्यात लबाडी करणारे होते, तसे न करणारेही होते.

मग आला २०११ चा फेब्रुवारी. हे प्रकरण जरा नीट समजून घेण्यासारखं आहे.

त्या काळात अमेरिकेत 'कंटेंट फार्म' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपन्या जोरात होत्या. डिमांड मीडिया ही त्यांतली सगळ्यात गाजलेली. लोक काय शोधतात आणि त्या शब्दांवर जाहिरातीला किती पैसे मिळतात, याचं गणित त्यांचं सॉफ्टवेअर मांडायचं आणि लेखाचा विषय काढायचं. मग तो विषय एखाद्या फ्रीलान्सरकडे जायचा. एका लेखाचे साधारण पंधरा डॉलर मिळायचे. एवढ्या पैशात कोण किती अभ्यास करणार? विषय माहीत असो-नसो, लेख भराभर बाहेर पडायचे. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली. आणि पुढच्याच महिन्यात गूगलचा 'पांडा' बदल आला. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा लक्षात येण्याजोगा परिणाम होईल, असं गूगलने तेव्हा सांगितलं. फार्मचे मजले ज्या जमिनीवर चढवले होते, ती जमीनच सरकली.

पण मला या गोष्टीत जास्त महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा बदल तयार कसा केला? गूगलच्या अभियंत्यांनी आधी माणसांना काही पानं दाखवली आणि साधे प्रश्न विचारले. या साइटला तुम्ही तुमचा क्रेडिट कार्ड नंबर द्याल का? इथे सुचवलेलं औषध तुमच्या मुलाला द्यायला तुमचं मन धजेल का? माणसांनी दिलेली उत्तरं घेऊन मग त्यांच्याशी जुळेल असं गणित यंत्राला शिकवलं.

म्हणजे बघा, यंत्र धावत होतं माणसाच्या विश्वासाच्या मागे. आणि लिहिणारा धावत होता यंत्राच्या मागे. मग लिहिणाऱ्याने मधला टप्पा सोडून सरळ माणसाकडेच का जाऊ नये?

हा प्रश्न भोळा वाटेल. कारण मधला टप्पा सोडला तर पगार कोण देणार? एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' आला, विकतच्या आणि बनावट लिंकांवर. इंग्रजी शोधांपैकी सुमारे ३.१ टक्क्यांवर परिणाम झाला. त्यानंतर जे दृश्य दिसलं ते कुणाही नीतिकथेत शोभेल. ज्यांनी पैसे देऊन लिंका घेतल्या होत्या, तेच आता "कृपा करून आमची लिंक काढा" म्हणून ईमेल पाठवत बसले. काही ठिकाणी तर लिंक काढायचेही पैसे मागितले गेले. शेवटी ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने 'या लिंका आमच्या धरू नका' असं कळवायचं साधनच दिलं. मिळवायला कष्ट, टाकायलाही कष्ट. आणि या सगळ्या वर्षांत वाचकासाठी एक चांगलं पानही त्यातून उभं राहिलं नाही.

इथे नुकसान कुणाचं झालं? पहिलं वाचकाचं. आपण सगळे रोज ते भोगतो. एकादशी कधी आहे एवढंच पाहायचं असतं. पान उघडतं, आणि मग एकादशी म्हणजे काय, तिचं महत्त्व काय, ती वर्षातून किती वेळा येते, लोक ती का शोधतात, असे पाच परिच्छेद. तारीख सगळ्यात खाली. हे परिच्छेद तुमच्यासाठी लिहिलेलेच नसतात. लांब पान वर येतं आणि लांब पानावर जाहिरातीही जास्त बसतात, या हिशेबाने लिहिलेले असतात. एका वाचकाचं एखादं मिनिट जातं. पण त्याने ते मिनिट विश्वासाने तुमच्या हातात दिलेलं होतं, हे विसरून कसं चालेल?

दुसरं नुकसान लिहिणाऱ्याचं, आणि ते उशिरा कळतं. पाच वर्षं नुसता यंत्राचा अंदाज घेत लिहिलं, की हाताशी एकच विद्या उरते, अंदाज घेण्याची. नियम बदलला की ती विद्याही जुनी होते. विषय शिकलेला नसतो, वाचक ओळखीचा झालेला नसतो.

आता दुसरी बाजूही बघूया, नाहीतर हे चिंतन एकांगी होईल. एसईओ म्हणजे पाप नव्हे. दुकानावर पाटी लावणं यात काय चूक? पानाला नेमका मथळा देणं, मजकुराचे नीट भाग पाडणं, फोनवर पान पटकन उघडेल असं करणं, फोटोखाली वर्णन लिहिणं, लोक ज्या शब्दांनी विचारतात तेच शब्द वापरणं, या सगळ्याने वाचकाचीच सोय होते. एखादी ताई स्क्रीनरीडरवर वेब वाचत असेल, तर फोटोचं वर्णन तिच्यासाठी डोळ्यांचं काम करतं. "मी तर फक्त मनापासून लिहितो, बाकीचं मला बघायचं नाही," असं म्हणून गोंधळलेलं, न सापडणारं पान टाकून देणं हा साधेपणा नाही, आळस आहे.

मग रेघ कुठे ओढायची? गूगलच्याच जुन्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक कसोटी होती. सर्च इंजिन अस्तित्वातच नसतं, तरी तुम्ही हे केलं असतं का, असं स्वतःला विचारा. कसोटी चांगली आहे, पण पुरेशी नाही. सर्च इंजिन नसतं तर पाटीच्या कितीतरी गोष्टी आपण केल्या नसत्या, आणि तरीही त्या वाईट नाहीत. मला दुसरी कसोटी जास्त उपयोगी वाटते. मी जे केलं ते वाचकाला समोर बसवून सांगू शकतो का? "तुम्हाला लवकर सापडावं म्हणून मथळ्यात हे शब्द घातले," हे सहज सांगता येतं. "तुम्हाला दिसणार नाही असा मजकूर खाली लपवलाय," हे सांगता येत नाही. "तारीख मुद्दाम खाली ठेवली, म्हणजे तुम्ही जाहिराती ओलांडून जाल," हेही सांगता येत नाही. जिथे जीभ अडखळते, तिथे रेघ आहे.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. टार्गेट तुम्ही ठरवलेलं नसतं. दिवसाला सहा लेख हवेत असं वरून येतं आणि घराचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो. पंधरा डॉलरमध्ये लिहिणाऱ्या फ्रीलान्सरवर सगळा दोष टाकणं अन्यायाचं आहे. ते गणित मांडणाऱ्याचा वाटा मोठा. पण आपल्या वाट्याला जे येतं तेवढं तरी आपलं असतं. सहापैकी एका लेखात उत्तर पहिल्या ओळीत देता आलं, तर तेवढं द्यावं.

आता सगळ्यात अवघड भाग. इथवर वाचून वाटेल, की चांगलं लिहा, वाचकासाठी लिहा, मग उशिरा का होईना फळ मिळेलच. गूगलनेही ऑगस्ट २०२२ मध्ये तसंच म्हटलं. माणसांसाठी लिहिलेल्या उपयुक्त मजकुराला वर आणायचं, म्हणून त्यांनी एक खास बदल आणला. मार्च २०२४ मध्ये तो मुख्य व्यवस्थेत मिसळून टाकला, आणि दर्जाहीन, उचललेला मजकूर निकालांमधून मोठ्या प्रमाणात कमी करण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं.

पण त्याच काळात हाउसफ्रेश नावाच्या छोट्या वेबसाइटचं प्रकरण गाजलं. हे लोक हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः आणून, तपासून, मग त्यांच्याबद्दल लिहितात. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी सविस्तर मांडलं, की वस्तू हातात न घेता 'सर्वोत्तम दहा' याद्या छापणारे मोठे प्रकाशक निकालांमध्ये वर आहेत आणि आम्ही खाली ढकलले जातोय. काही महिन्यांतच त्यांनी सांगितलं, की गूगलकडून येणारे बहुतेक वाचक आम्ही गमावलेत. त्यांनी तर सांगितलेलंच केलं होतं.

म्हणून 'प्रामाणिक राहा, रँकिंग वाढेल' हा सल्ला मी देणार नाही. तो खरा नाही, निदान नेहमी खरा नाही. आणि तो दिला, तर प्रामाणिकपणा ही पुन्हा एक युक्तीच होऊन बसते. मग लेखकाचा अनुभव दिसला पाहिजे म्हणून फोटो आणि परिचय चिकटवायचा, आपुलकी दिसली पाहिजे म्हणून चार घरगुती वाक्यं घालायची. माणसासाठी लिहिण्याचंही चेकलिस्ट होतं, आणि गुडहार्टचं निरीक्षण पुन्हा खरं ठरतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्म आणि फळ यांचा विचार आपण इथे अनेकदा केलाय. तो अशा वेळी खरोखर उपयोगी पडतो, पण नीट समजून घेतला तर. फळ आपल्या हातात नाही, याचा अर्थ फळाची गरज नाही असा होत नाही. हाउसफ्रेशच्या लोकांनाही पगार द्यायचे असतात. अर्थ एवढाच, की काम चांगलं की वाईट हे फळावरून ठरत नाही. यंत्र तपासून लिहिलेलं परीक्षण पहिल्या नंबरवर असताना जेवढं खरं होतं, तेवढंच ते दिसेनासं झाल्यावरही खरं राहतं. क्रम बदलला, परीक्षण बदललं नाही.

आणखी एक घोटाळा आपण भाविक मंडळी सहज करू शकतो. या क्षेत्रातली बोलण्याची पद्धत ऐका. "गूगलची कृपा झाली," "गूगलचा कोप झाला." दिसत नाही, नियम सांगत नाही, एका रात्रीत राजाचा रंक करतो, तेव्हा असे शब्द तोंडात येणारच. पण अल्गोरिदम म्हणजे देव नव्हे आणि प्रारब्धही नव्हे. जाहिरातींवर पैसे कमावणाऱ्या एका कंपनीतल्या माणसांनी तो लिहिलाय. माणसं चुकतात, त्यांचे स्वार्थ असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने सर्चमधली आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी टिकवली, असा निकाल दिला. म्हणजे या न्यायाधीशाचाही न्याय होऊ शकतो. अन्याय झाला तर तो मांडावा, जसा हाउसफ्रेशने उघडपणे मांडला. गप्प बसून सोसणं म्हणजे अनासक्ती नव्हे.

पुढचा बदल तर आपल्या दारात आलेलाच आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात गूगलने निकालांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. ते उत्तर अनेकांच्या पानांवरून तयार होतं आणि वाचकाला पानापर्यंत यायची गरजच उरत नाही. आजवर प्रश्न होता, पान कितव्या नंबरवर येणार. आता प्रश्न आहे, पानावर कुणी येणार का.

यावर माझ्याकडे तोडगा नाही. पण दोन गोष्टी मला पक्क्या वाटतात. सगळा वाचक एकाच दारातून येत असेल, तर दार बंद झालं की घर ओस पडतं. म्हणून ईमेल, ग्रुप, ओळखीतून ओळख, अशी छोटी दारं उघडी ठेवावीत. तिथे येणारा माणूस तुमच्या नावाने येतो. आणि दुसरी, जे लिहायलाच हवं असं वाटतं, ते थांबवू नये. यंत्राचं उत्तरही कुणीतरी कधीतरी वस्तू हातात घेऊन, जागेवर जाऊन, विचारून लिहिलेल्या मजकुरावरच उभं असतं. ते कुणी केलंच नाही, तर यंत्र काय गोळा करणार?

आजच्या दिवसासाठी एवढंच करून बघूया. तुम्ही लिहिलेलं एखादं पान, पोस्ट किंवा साधा ऑफिसचा मेलसुद्धा उघडा. ते वाचणाऱ्या एका खऱ्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. त्यातली कोणती ओळ त्याच्यासाठी आहे आणि कोणती दुसऱ्याच कुणासाठी आहे, ते बघा. त्याच्यासाठी नसलेली एक ओळ आज काढून टाका.

काय सापडलं ते खाली नक्की लिहा. उद्या भेटूच.